१८,००० खाती, सॉल्ट नसलेला एमडी५: नव्या हॅशवर न्यायची कशी?

पानगळ_७ · सोमवार, रात्री ९.१०

एका सार्वजनिक वाचनालयाचं सभासद-पोर्टल दुरुस्त करायला घेतलंय. सध्याची स्थिती अशी: पीएचपी ७.४, मायएसक्यूएल ५.७, २ जीबी रॅमचा एकच व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावरच वेब आणि डेटाबेस दोन्ही. सभासद टेबलमध्ये ‘पासवर्ड’ कॉलम व्हारकॅर ३२, त्यात नुसता एमडी५ (पासवर्डवरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा म्हणजे हॅश; एमडी५ ही त्याची जुनी, वेगवान पद्धत). सॉल्ट (हॅश काढण्याआधी प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा रँडम तुकडा) नाही. लॉगिनची क्वेरी मोबाइल नंबर जुळतो का आणि पासवर्ड कॉलम टाइप केलेल्या पासवर्डच्या एमडी५शी जुळतो का, एवढंच बघते. एमडी५ मायएसक्यूएलच काढतं.

खाती साधारण १८,०००. निम्म्याहून जास्त सभासदांनी वर्षभरात लॉगिन केलेलं नाही. बरेच ज्येष्ठ नागरिक आहेत, त्यामुळे सगळ्यांना एकदम ‘पासवर्ड बदला’ म्हटलं तर काउंटरवर रांग लागेल.

माझा विचार: जो लॉगिन करेल त्याचा हॅश त्याच वेळी नव्या पद्धतीने बदलायचा, बाकीचे आहेत तसे राहू द्यायचे. एवढं पुरेल का? बीक्रिप्ट घ्यावं की आर्गॉन२ (दोन्ही मुद्दाम मंद ठेवलेल्या हॅश-पद्धती)? की एमडी५लाच सॉल्ट लावून भागेल? पोर्टलवर पैशांचे व्यवहार नाहीत.

---

मीठमिरी · सोमवार, रात्री ९.५५

शेवटापासून सुरू करतो. पैशांचे व्यवहार नसले तरी त्यातले कित्येक पासवर्ड त्याच माणसाच्या ईमेलचेही असतात. चोराला वाचनालयात रस नसतो, त्या जोडीत असतो.

एमडी५ला सॉल्ट लावून भागत नाही. सॉल्टमुळे आधी तयार करून ठेवलेली कोष्टकं निरुपयोगी होतात आणि एकाच पासवर्डची दोन खाती वेगळी दिसतात. काम तेवढंच. एमडी५चा वेग तो कमी करत नाही. आरटीएक्स ४०९० हे एकच ग्राफिक कार्ड हॅशकॅट या पासवर्ड फोडण्याच्या प्रोग्रॅमवर सेकंदाला साधारण १६,४०० कोटी एमडी५ काढतं. लहान अक्षरं आणि अंक मिळून ८ चिन्हांचे सगळे पासवर्ड म्हणजे ३६ चा आठवा घात, सुमारे २.८ लाख कोटी. ते १७ सेकंदांत संपतात. त्याच कार्डावर बीक्रिप्टचा वेग कॉस्ट ५ ला सेकंदाला १.८४ लाख आहे. कॉस्ट एकाने वाढली की काम दुप्पट, म्हणजे कॉस्ट १२ ला सेकंदाला १,४०० च्या आसपास. तीच १७ सेकंदांची यादी तिथे ६० वर्षांच्या वर जाते, आणि तीही एका खात्यासाठी.

आता ‘लॉगिन होईल तसं बदलू’. निम्मे लोक येतच नाहीत, मग त्यांचा एमडी५ वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. गळती झाली तर सगळ्यात आधी तीच खाती फुटतात. पासवर्ड माहीत नसतानाही आज सगळी खाती हलवता येतात: आहे त्या एमडी५च्या ३२ अक्षरांनाच पासवर्ड समजा आणि त्यांवर आर्गॉन२आयडी (आर्गॉन२चाच एक प्रकार) चालवा. सभासद आला की टाइप केलेल्याचा आधी एमडी५, मग त्यावर पडताळणी. जुळलं तर त्या क्षणी मूळ पासवर्ड हातात असतो, तेव्हा एमडी५ वगळून थेट नवा हॅश लिहा.

क्रम महत्त्वाचा:

१. दोन नवे कॉलम: ‘हॅश’ व्हारकॅर २५५ आणि ‘पद्धत’ टायनीइंट. पद्धत ० म्हणजे जुना एमडी५, १ म्हणजे एमडी५वर आर्गॉन२, २ म्हणजे थेट आर्गॉन२.
२. आधी तिन्ही पद्धती समजणारा कोड लावा. हा कोड नवा पासवर्ड फक्त पद्धत २ ने लिहितो.
३. मग बॅच, म्हणजे पद्धत ० ची सगळी खाती एका दमात पद्धत १ वर नेणारी स्क्रिप्ट. एकेका हॅशला पाव सेकंद धरला तर १८,००० ला ७५ मिनिटं. अपडेट करताना अट फक्त आयडीची नको, ‘आणि पद्धत अजून ० आहे’ हीसुद्धा हवी. नाहीतर तुम्ही ओळ वाचल्यावर आणि लिहिण्याआधी कोणी पासवर्ड बदलला तर त्याचा नवा हॅश तुम्ही जुन्याने झाकाल.
४. पद्धत ० ची संख्या शून्य झाली की कोडमधली ती फांदी तोडा, जुना कॉलम ड्रॉप करा.

‘पद्धत’ कॉलम टाळून ‘आधी सरळ तपासू, नाही जुळलं तर एमडी५ करून तपासू’ असं करण्याचा मोह होतो. करू नका. पद्धत १ च्या खात्यात ‘पासवर्ड’ म्हणून साठवलंय ते एमडी५चं ३२ अक्षरी रूप. जुना डंप (टेबलची काढून ठेवलेली प्रत) कुणाकडे असेल तर तो ती ३२ अक्षरं जशीच्या तशी पासवर्डच्या चौकटीत चिकटवेल, ‘सरळ तपासणी’ पास होईल, आणि काहीही न फोडता तो आत येईल.

एमडी५ची बायनरी १६ बाइट देऊ नका, ३२ अक्षरी हेक्स रूपच द्या. उद्या कुणी आर्गॉन काढून बीक्रिप्ट लावलं तर बीक्रिप्ट शून्य बाइटपाशी थांबतं. बायनरीत पहिलाच बाइट शून्य असलेली खाती सरासरी २५६ मागे एक निघतात, आणि ती सगळी एकमेकांच्या पासवर्डने उघडतात.

शिवाय एमडी५ क्वेरीत काढणं आधी बंद करा. जनरल लॉग किंवा स्लो क्वेरी लॉग कधी चालू केला असेल तर त्यात टाइप केलेले पासवर्ड उघडे पडलेले असतात. ते लॉग शोधा. क्वेरी स्ट्रिंग जोडून बनवलेली असेल तर प्रिपेअर्ड स्टेटमेंट (टाइप केलेला मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवणं) हे या यादीतलं शून्यावं काम. ते राहिलं तर बाकीच्या मेहनतीला अर्थ नाही.

---

शंकासुर · सोमवार, रात्री १०.३०

मीठमिरींच्या योजनेआधी एक काम, आणि ते बॅचच्या आधीच होऊ शकतं. सॉल्ट नाही हा दोष आहे, पण आज रात्रीपुरता तो तुमच्या उपयोगी पडेल.

प्रत्येक ओळीत तिचाच मोबाइल नंबर, सभासद क्रमांक आणि जन्मतारीख (दिवस-महिना-वर्ष, दोन अंकी वर्ष, मधे ठिपके किंवा तिरक्या रेघा असे प्रकार) घेऊन एमडी५ काढा आणि साठवलेल्याशी ताडा. पूर्ण टेबलला काही सेकंद. मग पासवर्ड कॉलमवर ग्रुप बाय लावून मोजणी उतरत्या क्रमाने बघा. वरचे पाच-दहा हॅश शेकडो खात्यांत सारखे असले तर तो काउंटरवरून दिलेला ठरावीक पासवर्ड, जो कुणी बदललेलाच नाही. या सगळ्या खात्यांना ‘बदल सक्तीचा’ अशी खूण करा. एकदा आर्गॉनचा थर चढला की हीच तपासणी तुम्हालाही तासन्‌तास लागेल.

हे का करायचं त्याचा हिशेब बघा. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. एमडी५ असेल तर वरचं कार्ड ते सगळे सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपवतं. बीक्रिप्ट कॉस्ट १२ ला एका खात्यामागे महिनाभर लागतो, ऐकायला बरं वाटतं. पण सभासदाने स्वतःचाच नंबर पासवर्ड ठेवला असेल तर तो त्याच ओळीत शेजारच्या कॉलममध्ये आहे, एका प्रयत्नाचं काम. जन्मतारीख म्हणाल तर शंभर वर्षांच्या मिळून ३६,५२५ तारखा, म्हणजे कॉस्ट १२ लाही अर्ध्या मिनिटाच्या आत. हॅश कितीही मंद करा, उत्तर शेजारी लिहून ठेवलेलं असेल तर काय उपयोग!

म्हणून नवा पासवर्ड घेताना त्यात ओळीतल्या या गोष्टी आहेत का ते बघा, आणि ‘हॅव आय बीन पोन्ड’ची फुटलेल्या पासवर्डची सेवा वापरा. तिला पासवर्डच्या एसएचए-१ ची पहिली ५ हेक्स अक्षरं पाठवायची, ती त्या सुरुवातीचे सगळे हॅश परत देते, उरलेली ३५ अक्षरं तुम्ही आपल्याकडे जुळवायची. पासवर्ड बाहेर जात नाही. ‘एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह’ हा नियम मात्र काढा. दर ९० दिवसांनी बदलण्याची सक्तीही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेच या दोन्ही गोष्टी करू नका म्हणून सांगितलंय. त्यातून फक्त शेवटी ‘@१२३’ येतं.

आता एमडी५वर थर चढवण्यातली उणीव. समजा याच सभासदाचा याच पासवर्डचा नुसता एमडी५ दुसऱ्या कुठल्या साइटवरून आधीच फुटलेला आहे, पण उकललेला नाही. हल्लेखोर तसे कोट्यवधी एमडी५ शब्दयादीसारखे तुमच्या पद्धत १ च्या हॅशवर चालवतो. एखादा जुळला की आर्गॉनचं टरफल निघालं, आत उरतो नुसता एमडी५, आणि तो कार्डाच्या पूर्ण वेगाने फोडता येतो. म्हणजे पद्धत १ ही तात्पुरती सोयच. तिला मुदत हवी.

---

मीठमिरी · सोमवार, रात्री १०.५०

मान्य. उपाय सोपा आहे: एमडी५ आणि आर्गॉनच्या मधे गुप्त किल्लीचा एचमॅक (किल्ली असेल तरच काढता येणारा हॅश) घाला. एचमॅक-एसएचए-२५६, किल्ली रँडम ३२ बाइट, निकाल बेस६४ मध्ये ४४ अक्षरं, त्यावर आर्गॉन. किल्ली नसेल तर बाहेरून आणलेला एमडी५ घासून काही जुळत नाही. पद्धत २ लाही हाच एचमॅक ठेवा. म्हणजे सॉल्ट प्रत्येक ताटात वेगळं, आणि मिरीचा (ही गुप्त किल्ली, इंग्रजीत ‘पेपर’) डबा एकच, पण स्वयंपाकघराबाहेर.

‘बाहेर’ म्हणजे डेटाबेसमध्ये नाही, गिटमध्ये नाही, वेबरूटच्या आत नाही. रूटच्या मालकीची फाइल, परवानगी ६४०, गट पीएचपी ज्या युझरने चालतं त्याचा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल केलंत तर पीएचपी-इन्फोचं पान कुठे उघडं राहिलेलं नाही ना ते बघा, तिथे सगळं छापून येतं. किल्लीची प्रत डेटाबेसच्या बॅकअपपासून वेगळ्या जागी ठेवा. ती हरवली तर १८,००० पैकी एकही खातं उघडणार नाही, आणि यावर दुसरा मार्ग नसतो. ‘किल्ली क्रमांक’ असा छोटा कॉलमही आत्ताच घाला, नंतर किल्ली बदलताना लागेल.

एसक्यूएल इंजेक्शनने (फॉर्ममधून क्वेरीत आपला कोड घुसवून) किंवा चोरीला गेलेल्या बॅकअपमधून फक्त टेबल बाहेर गेलं तरच याचा फायदा. अख्खा सर्व्हर गेला तर किल्लीही गेली.

---

बाइटमोजणी · मंगळवार, सकाळी ८.०५

बीक्रिप्ट की आर्गॉन यावर कुणी नीट बोललं नाही, आणि मराठी पोर्टलला तो प्रश्न जरा जास्तच लागू आहे.

बीक्रिप्ट १९९९ चं, प्रोव्होस आणि माझिएर यांनी ओपनबीएसडीसाठी केलेलं. अजून मजबूत आहे, पण ते पासवर्डचे फक्त पहिले ७२ बाइट बघतं. इंग्रजीत ७२ अक्षरं म्हणजे कुणी पोचत नाही. देवनागरीत यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलंत ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘विठ्ठल’ दिसायला तीन अक्षरं, पण चिन्हं ६, बाइट १८. ‘ज्ञानेश्वरी’ ३३ बाइट. मर्यादा २४ चिन्हांची झाली.

हा वाक्यांश घ्या: ‘पावसाळी दुपारी कांदाभजी आणि चहा’. चांगला लांब, लक्षात राहणारा. ‘कांदाभजी’पर्यंत ६५ बाइट, मोकळी जागा धरून ६६, मग ‘आ’ आणि ‘ण’ मिळून ७२. तिथे बीक्रिप्टने पुस्तक मिटलं. चहाऐवजी कॉफी टाइप करा, ‘आणखी भजी’ टाइप करा, दार उघडतं. पीएचपीचं पासवर्ड_हॅश याबद्दल चकार शब्द काढत नाही. गो भाषेची लायब्ररी निदान एरर देते.

ही मर्यादा पुस्तकी नाही. २०२४ मध्ये ओक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या एका लॉगिन मार्गात कॅशची (तात्पुरत्या साठ्याची) किल्ली युझर आयडी, युझरनेम आणि पासवर्ड जोडून बीक्रिप्टने बनवली जात होती. युझरनेम ५२ किंवा जास्त अक्षरांचं असेल तर पासवर्डचा भाग ७२ बाइटांच्या बाहेर ढकलला जायचा, आणि ठरावीक परिस्थितीत पासवर्ड न जुळताही लॉगिन शक्य होतं.

आर्गॉन२ला ही मर्यादा नाही. मीठमिरींचा एचमॅकचा थर असेल तर बीक्रिप्टलाही अडचण राहत नाही, कारण आत ४४ अक्षरंच जातात. पण कुणी हौसेने एसएचए-५१२ घेऊन बेस६४ केलं तर ८८ अक्षरं होतात आणि पुन्हा शेपूट कापलं जातं.

दुसरी गोष्ट सॉल्ट-मिरीइतकी चर्चेत येत नाही. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड ‘ऱ’, हलंत, ‘य’ देतात, काही ‘र’, हलंत, अदृश्य जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे, ‘य’ देतात. ‘ॲ’ एक चिन्ह म्हणून येतो किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून येतो. स्क्रीनवर सारखंच, बाइट वेगळे, हॅश पूर्ण वेगळा. फोनवर चालणारा पासवर्ड वाचनालयाच्या संगणकावर चालत नाही आणि माणूस शपथेवर सांगतो की मी बरोबर टाइप केलंय. तो खरंच बोलत असतो.

युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं) लावा, पण त्यावर विसंबू नका. ‘र’ अधिक नुक्ता याचा ‘ऱ’ ते करून देतं. वरच्या दोन जोड्या मात्र ते एक मानत नाही. त्यांच्यासाठी आपलं छोटं फंक्शन लिहा: ‘र, हलंत, झेडडब्ल्यूजे’ दिसलं की ‘ऱ, हलंत’, आणि ‘अ’वर चंद्र दिसला की ‘ॲ’. हे फक्त पद्धत २ ला, नोंदवताना आणि तपासताना दोन्हीकडे. पद्धत १ ला लावायचं नाही, कारण जुना एमडी५ जसेच्या तसे बाइट घेऊन काढलेला आहे.

---

लोडशेडिंग · मंगळवार, सकाळी ११.२०

२ जीबी रॅम वाचून लिहितोय.

पीएचपीत आर्गॉन२आयडी ७.३ पासून आहे, पण तुमच्या बिल्डमध्ये आहे का ते ७.४ मधल्या पासवर्ड_अल्गॉस फंक्शनने बघा. डीफॉल्ट आकडे: मेमरी ६५,५३६ केबी म्हणजे ६४ एमबी, ४ फेऱ्या, १ थ्रेड. एफपीएमचे चिल्ड्रन (एकाच वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेस) २० ठेवलेत आणि सकाळी दहाला सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं तर १,२८० एमबी फक्त हॅशला. त्याच मशीनवर मायएसक्यूएल आहे. ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणारा सिस्टिमचा भाग) सहसा सगळ्यात जाड प्रोसेस मारतो, आणि ती बहुधा मायएसक्यूएल असते. पीएचपीची मेमरी-लिमिट इथे वाचवत नाही, कारण आर्गॉनची लायब्ररी मेमरी थेट सिस्टिमकडून घेते.

वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेचा किमान सल्ला: १९ एमबी, २ फेऱ्या, १ थ्रेड. म्हणजे १९,४५६ केबी. वीस जण एकदम आले तरी ३८० एमबी. इथून सुरू करा. त्याच व्हीपीएसवर वेळ मोजा (लॅपटॉपवर नाही), आणि २०० मिलिसेकंदांच्या खूप खाली असेल तर आधी मेमरी वाढवा, मग फेऱ्या. ग्राफिक कार्डाला खरा त्रास मेमरीचा होतो. आर्गॉन२आयडी बिल्डमध्ये नसेल तर बीक्रिप्ट कॉस्ट १२, विषय संपला. पीएचपी ८.४ ने डीफॉल्ट १० वरून १२ केलंय, ७.४ वर मात्र आकडा स्वतः द्यावा लागेल. पुढे आकडे वाढवलेत की पासवर्ड_नीड्स_रीहॅश लॉगिनच्या वेळी सांगतं.

मंद हॅश म्हणजे हल्लेखोराला स्वस्तात तुमचा सीपीयू खायची सोयसुद्धा. हॅशच्या आधी अडवा. पासवर्डची कमाल लांबी १,०२४ बाइट ठेवा. २०१३ मध्ये जँगो या वेब फ्रेमवर्कला यासाठीच तातडीचं अपडेट काढावं लागलं होतं, एक मेगाबाइटचा पासवर्ड पाठवून सर्व्हर मिनिटभर अडकवता येत होता. प्रयत्नांची मर्यादा फक्त आयपीवर ठेवू नका. मोबाइल कंपन्यांच्या सीजीनॅटमागे शेकडो माणसं एकाच आयपीवरून येतात. खात्यावर वाढत जाणारा विलंब ठेवा: ५ चुकांनंतर ३० सेकंद, मग दुप्पट. खातं कायमचं बंद करणं नको, नाहीतर कुणीही कुणाचंही खातं बंद पाडेल.

नंबर नोंदलेलाच नसेल तर कोड लगेच परत येतो, आणि असेल तर पाव सेकंद घेतो. या फरकावरून सभासद कोण ते बाहेरून कळतं. नंबर न सापडल्यास एका ठेवणीतल्या हॅशवर खोटी पडताळणी चालवा. तो हॅश त्याच आकड्यांनी बनवलेला हवा.

आणि हो, पीएचपी ७.४ ची सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबली.

---

पानगळ_७ · बुधवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. मोबाइल नंबर हाच पासवर्ड असलेली खाती मोजली, आकडा इथे लिहीत नाही. चाचणीच्या प्रतीवर (पीएचपी ८.३ केलं) बॅच चालवली. दोन अडचणी.

एक: बॅचमध्ये एकही एरर नाही, पण कोणत्याही खात्याने लॉगिन होत नव्हतं. हॅशची लांबी सगळीकडे ६० दिसत होती. टेबलचा जुना स्क्रिप्ट वापरला होता, त्यात ‘हॅश’ व्हारकॅर ६० होता. २५५ करून परत चालवल्यावर बहुतेक सुरू झाली.

दोन: तरीही ओळखीचे पासवर्ड असलेल्या ३० चाचणी-खात्यांपैकी ३ चालत नाहीत. तिन्ही पासवर्डांत अवतरणचिन्ह किंवा अँड (&) आहे. जुन्या साइटवर तेच पासवर्ड चालतात.

---

मीठमिरी · बुधवार, रात्री १०.४०

पहिल्याचं कारण: ६० ही बीक्रिप्टची लांबी. तुमच्या आकड्यांचा आर्गॉन२आयडी ९७ अक्षरांचा होतो. मायएसक्यूएल ५.७ कडक मोडमध्ये ‘डेटा फार लांब’ म्हणून थांबलं असतं. थांबलं नाही म्हणजे कॉन्फिगमध्ये एसक्यूएल मोड कुणीतरी रिकामा केलाय आणि शेपूट मुकाट कापलं गेलं. तो मोड परत चालू करा. बॅचच्या शेवटी लांबी ९७ नसलेल्या ओळी किती, ही क्वेरी ठेवा, शून्य यायला हवी.

दुसऱ्यासाठी जुन्या लॉगिनच्या फाइलीत वर बघा. पासवर्ड क्वेरीत जाण्याआधी त्यावर ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणारं), ॲडस्लॅशेस (अवतरणाआधी उलटी रेघ घालणारं) किंवा एचटीएमएलस्पेशलचार्स (खास चिन्हांचं एचटीएमएल रूप करणारं) चाललेलं असणार. जुना एमडी५ त्या बदललेल्या मजकुराचा आहे. पद्धत १ मध्ये तेच फंक्शन त्याच क्रमाने चालवावं लागेल, कितीही चुकीचं वाटलं तरी.

---

बाइटमोजणी · बुधवार, रात्री १०.५२

त्यात एक खोच. ॲडस्लॅशेसची उलटी रेघ मायएसक्यूएल स्ट्रिंग वाचताना काढून टाकतं, म्हणजे जुना एमडी५ त्याशिवायचा. आता एमडी५ पीएचपीत काढताय, तर ॲडस्लॅशेस वगळा. एचटीएमएलस्पेशलचार्सचं तसं नाही, ते ठेवावं लागेल. पण पीएचपी ८.१ पासून त्याचं डीफॉल्ट बदललंय. आधी ते एकेरी अवतरणाला हात लावत नव्हतं, आता त्याचंही रूपांतर करतं. म्हणून जुना कोड जसाच्या तसा ८.३ वर आणला तरी एकेरी अवतरण असलेले पासवर्ड चालणार नाहीत. फ्लॅग स्पष्ट द्या: ईएनटी_कॉम्पॅट.

---

पानगळ_७ · गुरुवार, रात्री ९.३०

तेच होतं. फाइलीच्या माथ्यावर अख्ख्या पोस्टवर (फॉर्ममधून आलेल्या सगळ्या मजकुरावर) एचटीएमएलस्पेशलचार्स फिरवलेलं. ३० पैकी ३० चालली.

उरलेले दोन प्रश्न. पद्धत १ वर अडकलेल्या, कधीच न येणाऱ्या खात्यांचं काय? आणि ‘पासवर्ड विसरलो’चं टोकन सध्या टेबलात उघडं आहे, त्यालाही आर्गॉन लावू का?

---

शंकासुर · गुरुवार, रात्री १०.०५

मुदत ठरवा, समजा सहा महिने. नंतरही पद्धत १ वर असलेल्या खात्यांचा हॅश कॉलम रिकामा करा. सभासद, पुस्तकांच्या नोंदी सगळं राहू दे, फक्त पासवर्ड जाईल. तो सभासद आला की ‘विसरलो’च्या वाटेने नवा करेल. अशी खाती थोडीथोडी येतात, काउंटरवर रांग लागत नाही.

जुने एमडी५ जिथे जिथे उरलेत ती ठिकाणं मात्र आत्ताच: रात्रीचे डंप, मायएसक्यूएलचे बायनरी लॉग, कुणाच्या लॅपटॉपवरची चाचणीची प्रत, होस्टिंगवाल्याचे स्नॅपशॉट. मूळ टेबल चकाचक आणि होम फोल्डरमध्ये दोन वर्षांपूर्वीचा झिप, असं नेहमी दिसतं. २०११ च्या आयटी नियमांत संवेदनशील वैयक्तिक माहितीची यादी आहे, तिच्यात पासवर्ड पहिल्याच क्रमांकावर आहे. त्या झिपमध्येही तेच पडलेले असतात.

टोकनला आर्गॉन नको. मंद हॅश लागतो तो माणसाने निवडलेला पासवर्ड अंदाजाने सापडतो म्हणून. रँडम_बाइट्सने ३२ बाइट काढलेत तर २५६ बिट झाले, अंदाज लावून कुणी पोचत नाही. टेबलात त्याचा एसएचए-२५६ ठेवा, ईमेलमध्ये मूळ टोकन पाठवा, आलेल्याचा हॅश काढून शोधा. मुदत ३० मिनिटं, एकदाच वापर, आणि पासवर्ड बदलला की त्या खात्याची बाकी टोकनं आणि चालू सेशन रद्द. युनिकआयडी किंवा वेळेवरून टोकन बनवलेलं असेल तर ते आधी काढा, तिथे हॅशने काही साधत नाही.

ओटीपीने रीसेट करणार असाल तर हिशेब उलटा: सहा अंक म्हणजे १० लाख शक्यता, कोणताही हॅश लावला तरी काही मिनिटांचा खेळ. तिथे ५ प्रयत्न आणि ५ मिनिटं हीच खरी कडी. प्रयत्न खात्यावर मोजा, सेशनवर नाही, नाहीतर कुकी पुसली की मोजणी पुन्हा शून्यापासून.